स्लॅबच्या आधी पैसे संपले. दर्यापूर तालुका, खारपाण (खाऱ्या पाण्याचा) पट्टा

पूर्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. आमचं घर लिंटलपर्यंत (दार-खिडक्यांच्या वरच्या पट्टीपर्यंत) आलं आहे आणि हातात 1,00,000 रुपये उरलेत. स्लॅबला 2,80,000 लागतात. बँकेचा पुढचा हप्ता स्लॅब पडल्यावरच मिळणार. पावसाला अडीच महिने आहेत. सगळे आकडे देते, म्हणजे सांगणाऱ्यांना नेमकं सांगता येईल.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, घरचे सहा एकर वावर पाहतात. जुनं धाब्याचं घर दोन पावसाळ्यांपूर्वी एका बाजूनं बसलं, तेव्हापासून सासूबाई टिनाच्या खोलीत आहेत. एप्रिल-मे महिन्यात दुपारी त्या खोलीत कोणाला बसवत नाही. त्या मात्र तिथंच पडून असतात, तक्रार करत नाहीत. म्हणून त्याच जागेवर 1,050 चौरस फुटांचं घर काढलं. नमुना आठवर (ग्रामपंचायतीच्या घराच्या उताऱ्यावर) सासऱ्यांचंच नाव होतं. वारस नोंद होईस्तोवर दिवाळीचं काम जानेवारीवर गेलं.

इंजिनियरनं फुटाला 1,700 धरून 17,85,000 चा अंदाज दिला. बँकेचे 14,00,000, आमचे 3,85,000. बँकेनं आधी आमचे पैसे लावायला लावले, मग प्लिंथला (जोत्याला) 2,80,000 आणि लिंटलला 2,80,000 सोडले. स्लॅबनंतर 4,20,000, छपाई (प्लास्टर) झाल्यावर 2,80,000, घर पूर्ण झाल्यावर 1,40,000.

पायातच सगळं बिघडलं. पाच फुटांवर मुरूम लागेल असं धरलं होतं, नऊ फुटांपर्यंत काळी मातीच निघत राहिली. ती उपसायची, बाहेरून मुरूम आणून थरावर थर टाकायचे, पाणी मारून कुटायचे. यात अंदाजापेक्षा 1,45,000 जास्त गेले. प्लिंथ बीम जाड केला, त्याच्या लोखंडाचे 33,000. आणि पाण्याचे 22,000. पाण्याची ओळ अंदाजपत्रकात नव्हतीच. आमच्या बोअरचं पाणी तोंडात घेतलं तरी खारटपणा कळतो. इंजिनियर म्हणाले, लोखंड असलेल्या काँक्रीटच्या पाण्यात लिटरमागे 500 मिलिग्रॅमच्या वर क्लोराइड चालत नाही, सळई आतून गंजते. म्हणजे भिंतीवर मारायचं पाणीसुद्धा टँकरनं. आपल्या पट्ट्यात कोणी घर काढत असेल तर पाण्याचा खर्च पहिल्या दिवशी लिहून घ्या.

शिक्षक सोसायटीचं कर्ज मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी आधीच चालू आहे. नेमणूक 2009 ची, त्यामुळे जुन्या भविष्य निर्वाह निधीतून अग्रिम काढायचा मार्ग नाही. घरचे म्हणतात, यंदाचं पीक कर्ज उचलून स्लॅब टाकू आणि पेरणीचं मग पाहू. गावात महिना तीन टक्क्यांनी देणाराही एक जण तयार आहे. माझा जीव दोन्हीला धजत नाही. थांबावं का?

सेंट्रिंग ते छपाई, अकोट

ताई, तुमच्या आकड्यांत दोन वेगवेगळे खड्डे आहेत. स्लॅबला कमी पडणारे 1,80,000 हा थोड्या दिवसांचा खड्डा आहे, स्लॅब पडला की 4,20,000 येतात. पायात गेलेले 2,00,000 मात्र परत येणार नाहीत, ते शेवटी फिनिशिंगमध्ये अडवतील. पहिल्यासाठी लांबचं कर्ज घेऊ नका, आणि दुसरा आजच कागदावर मांडा.

पीक कर्जाला हात लावू नका. 3,00,000 पर्यंतचं पीक कर्ज मुदतीत फेडलं तर शून्य टक्के पडतं. घरात अडकलं आणि मुदत चुकली की सवलत जाते, खातं थकीत होतं, आणि पुढच्या पेरणीला पीक कर्ज देणारी सोसायटी दारात उभं करत नाही. तीन टक्क्यांचा हिशेब सांगतो: 1,80,000 वर महिन्याला 5,400. तेवढ्याच रकमेचं सोनं तारण कर्ज बँकेत वर्षाला 9 टक्क्यांनी मिळालं तर महिन्याला 1,350. दोन महिन्यांत सोडवून घ्याल.

त्याआधी एक करा. शाखेत लेखी अर्ज द्या: सेंट्रिंग (स्लॅबखालच्या फळ्या आणि टेकू) बसलं, सळई बांधली, की इंजिनियर पाठवा आणि स्लॅबच्या हप्त्यातला काही भाग सोडा. सोबत सुधारित अंदाजपत्रक आणि पायाच्या खड्ड्याचे फोटो. तोंडी सांगितलेलं साहेब बदलले की संपतं. 2,00,000 साठी पोर्च, कंपाउंड, बाहेरची छपाई मागे टाका. पण आतलं लाइट फिटिंग आणि नळाचे पाइप आत्ताच भिंतीत घाला, नंतर फोडाफोडीला दुप्पट लागतं.

वावर आणि घर, अंजनगाव

ताई, म्या 2022 मध्ये लिंटलवरच थांबलो होतो. पैसाच नव्हता त काय करता. थांबणं गुन्हा नाही, पण उघडं सोडून थांबलो ते चुकलं. कॉलमच्या सळ्या वर तशाच राहिल्या, पावसात गंजल्या. घराभोवती काळी माती मोकळी, पाणी पायाशी मुरलं. फुगली, मग उन्हात फाटली. मागच्या भिंतीला बोट जाईल एवढी भेग पडली. थांबायचंच असंन त सळ्यांना सिमेंटचं पाणी फासा, प्लिंथच्या आत काळी टाकू नका, मुरूमच भरा, आणि चारी बाजूंनी तीन फूट पट्टी बाहेरच्या उताराची करून घ्या. तेवढं पायजेच.

जुन्या धाब्याचे सरे (छताची लाकडं) सागवानी आहेत का? माझ्या पाच चौकटी त्यातूनच निघाल्या.

पूर्णाकाठ

दोघांचे आभार. "दोन खड्डे" वाचून मी वहीचं पान मधून दुमडलं आणि दोन्हीकडे वेगळं लिहिलं, तेव्हा कुठं रात्री झोप लागली.

अर्ज दिला, पोच घेतली. सळई बांधून झाली की इंजिनियर पाठवतो, तो म्हणेल तेवढं सोडू, असं शाखेत सांगितलं. किती सोडतील ते सांगितलं नाही, म्हणून सोन्याचंही विचारून ठेवलं. माझी पोत आणि दोन बांगड्या. सासूबाईंना कळलं तर त्या आपली एकदाणी काढून घेऊन आल्या, ही आधी ठेव म्हणाल्या. ती ठेवणार नाही.

सरे सागवानीच आहेत, अकरा. दोन वाळवीनं खाल्लेत, बाकीचे ठोकून पाहिले तर खणखणीत वाजतात. सुतार म्हणतो सात चौकटी निघतील, म्हणजे साधारण 40,000 वाचले. पोर्च रद्द केला.

एक राहिलं: स्लॅबवर आळी करून पाणी किती दिवस धरू? मिस्त्री सात म्हणतो.

सेंट्रिंग ते छपाई, अकोट

सिमेंटची पिशवी पहा. पीपीसी (राख मिसळलेलं सिमेंट) असेल आणि ऊन असं असेल तर चौदा दिवस, तेही गोडं पाणी. टँकरवाल्याला आत्ताच सांगून ठेवा, मे महिन्यात तो दर वाढवतो. आणि काँक्रीट पहाटे चारला सुरू करा, दहाच्या आत संपवा.