बायपासनंतर एचआरव्हीचा आकडा घसरला आहे

प्रश्न:
माझ्या वडिलांची (वय 64) पाच आठवड्यांपूर्वी बायपास झाली. त्याआधी त्यांच्या मनगटी घड्याळात एचआरव्ही, म्हणजे लागोपाठच्या ठोक्यांमधील अंतराचा चढउतार, 35 मिलिसेकंदांच्या आसपास असे. आता तो 15 च्या वर जात नाही. जखम भरली आहे, अंगणात फेऱ्याही मारतात. पण सकाळी डोळे उघडताच ते घड्याळ पाहतात आणि आकडा कमी दिसला की चहासुद्धा तसाच निवून जातो. 24 तासांचा आकडा 50 च्या खाली असणे धोक्याचे, असे त्यांनी कुठेतरी वाचले आहे. हे कितपत खरे मानावे?

प्रतिसाद 1:
मी हृदयरुग्णांच्या पुनर्वसनाचे काम करते. 50 चा आकडा हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या 808 रुग्णांच्या, 1987 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातील आहे आणि तो होल्टर, म्हणजे अंगावर बाळगायचे छोटे ईसीजी यंत्र, लावून दिवसभराच्या ईसीजीवरून काढलेला होता. घड्याळ मात्र त्वचेवर प्रकाश टाकून नाडी टिपते, शिवाय प्रत्येक कंपनीचे गणित वेगळे, त्यामुळे ही तुलना मुळातच चुकीची ठरते. हृदय हाताळले जाताना त्यावरील बारीक मज्जातंतूंना पोहोचलेली इजा, शस्त्रक्रियेनंतरचा दाह, रक्त कमी होणे, छातीच्या हाडाच्या दुखण्याने मोडणारी झोप, या सगळ्यांमुळे ठोक्यांना आवर घालणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा प्रभाव काही काळ ओसरतो, नाडी जलद चालते आणि चढउतार आखडतो. तो सावरायला बऱ्याचदा काही महिने लागतात. पाच आठवड्यांत निष्कर्ष काढू नये.

प्रतिसाद 2:
एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण माझ्या आईच्या बाबतीत आम्ही इथेच फसलो होतो. तिचा आकडा एका रात्रीत तिप्पट झाला आणि आम्ही घरात आनंद केला. प्रत्यक्षात ते एट्रियल फिब्रिलेशन होते, ज्यात ठोके मुळातच अनियमित पडतात. बायपासनंतर हा त्रास अनेकांना होतो, बहुधा पहिल्या आठवड्यातच, पण घरी आल्यावरही होऊ शकतो. अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. लय विस्कळीत वाटली, धाप लागली किंवा चक्कर आली, तर त्याच दिवशी ईसीजी काढून घ्या.

प्रश्नकर्ता:
दोघांचे मनापासून आभार. आताच नाडी मोजली, 78 भरली आणि लय एकसारखी आहे. वडिलांच्याच संमतीने घड्याळ कपाटात ठेवले असून उद्यापासून फेऱ्या आणि नाडी वहीत लिहिणार आहोत.