‘बुटीक हॉटेल’ मराठीत कसं सांगायचं?

मूळ प्रश्न (देवगड तालुक्यातून)

नमस्कार मंडळी. एक शब्द अडलाय, आणि तो अडल्यामुळे सगळं लिखाणच थांबलंय.

आमच्या वाडीतली सहा घरं पर्यटकांना राहायला खोल्या देतात. त्या घरांतल्या बायकांनी मला सांगितलं, की परदेशात लोक मोठी हॉटेलं सोडून लहान, वेगळ्या जागी राहायला जातात म्हणे, त्या जागा कशा असतात ते आम्हाला समजेल असं लिहून दे. मी टिपणं काढायला घेतली. पहिल्याच ओळीत ‘बुटीक हॉटेल’ आलं. शेजारच्या काकूंनी लगेच विचारलं, “म्हणजे ब्लाउज शिवतत, तसला?”

काकूंचा प्रश्न अगदी बरोबर होता. बुटीक म्हणजे मुळात दुकानच. ग्रीक ‘अपोथेके’ म्हणजे वस्तू ठेवायची जागा, आपली कोठी. त्यातूनच जर्मनमध्ये औषधाचं दुकान आलं, स्पॅनिशमध्ये दारूची ‘बोदेगा’ आली आणि फ्रेंचमध्ये लहान दुकान, म्हणजे बुटीक. हॉटेलला हे विशेषण चिकटलं ते गेल्या शतकाच्या शेवटी. स्टीव्ह रुबेल आणि इयान श्रेगर यांनी १९८४ मध्ये न्यूयॉर्कला मॉर्गन्स हॉटेल उघडलं. बाकीची हॉटेलं मोठ्या भांडारासारखी आहेत, आमचं बुटीकसारखं आहे, असं रुबेल सांगायचे. सगळ्यांना सगळं विकायचं नाही, मोजकं ठेवायचं, पण मालकाच्या नजरेतून निवडलेलं, असा त्याचा अर्थ.

दुसरी अडचण ‘हॉटेल’ची. आपल्याकडे हॉटेलात माणूस खायला जातो. राहायला लॉज. ‘हॉटेलात गेलो होतो’ म्हटलं की समोरचा ‘काय खाल्लं?’ असंच विचारतो. म्हणजे ‘बुटीक हॉटेल’ या जोडीतला एकही शब्द आमच्या वाडीत राहण्याचा अर्थ सांगत नाही. काय लिहू?

प्रतिसाद (दापोली)

‘पाहुणघर’ लिहा. सोपं आहे.

प्रतिसाद (पुणे, माहेर गुहागर)

‘पाहुणघर’ला माझा विरोध आहे. पाहुण्याकडून कोणी पैसे घेत नाही. पैसे घेऊनही पाहुणा म्हणायचं, हे दोघांनाही अवघड होतं; गिऱ्हाइकाला तक्रार करता येत नाही आणि घरच्यांना दर सांगता येत नाही. माझ्या आईने चार वर्षं खोल्या दिल्या, पैसे मागताना तिची जीभ अडायची. शब्दाने तिची अडचण वाढवू नये असं मला वाटतं.

माझं म्हणणं, परदेशी जागांची नावं भाषांतरित करू नका. ती जशी आहेत तशी ठेवा आणि खाली घर कसं असतं ते सांगा. आम्ही मोरोक्कोत फेज शहरात रियादमध्ये राहिलो होतो. गल्ली एवढी अरुंद, की समोरून लादलेलं गाढव आलं तर भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. बाहेरून कोरी भिंत आणि एक जुनं दार. रस्त्याकडे खिडकीच नाही. आत पाऊल टाकलं तर मधोमध चौक, लिंबाची झाडं, कारंजं, चारी बाजूंनी खोल्या, सगळ्या खिडक्या आतल्या बाजूला. माझ्या सासूबाई म्हणाल्या, “अगं, हा तर आपला चौसोपी वाडा.” त्या एका वाक्यात रियाद समजला.

शब्दाचं सांगायचं तर रियाद म्हणजे बागा. अरबीत ‘रौदा’ म्हणजे बाग, त्याचं अनेकवचन ‘रियाद’. सौदी अरबच्या राजधानीचं नावही तेच. आणि हा ‘रौदा’ फारसीच्या वाटेने आपल्याकडे ‘रौजा’ होऊन आला, कबरीच्या अर्थाने. खुलताबादला जुनी माणसं रौजाच म्हणायची.

प्रतिसाद (वेंगुर्ला)

वरच्या ताईंशी सहमत. जपानचंही असंच करा. तिकडे दोन वेगळे शब्द आहेत आणि दोघांची गल्लत करू नये. ‘र्‍योकान’ ही जुन्या धाटणीची उतरायची जागा; तातामीच्या चटया, संध्याकाळी खोलीतच जमिनीवर गादी घालून देतात, जेवणाचा थाट मोठा. यामानाशी प्रांतातलं एक र्‍योकान इ. स. ७०५ पासून चालू आहे. ‘मिन्शुकु’ मात्र साध्या कुटुंबाचं घर: ‘मिन्’ लोक आणि ‘शुकु’ मुक्काम. घरच्यांनी रांधलेलं जेवायचं, आपली गादी आपणच घालायची. तुमच्या वाडीतल्या बायकांना र्‍योकान पाहून दडपण येईल, मिन्शुकु आपलं वाटेल.

आणि आपल्याकडे शब्द नाही असं कोण म्हणतं? सागरी महामार्गाने वेंगुर्ल्यापासून वर निघा. दर दोन मैलांवर पाटी दिसते: ‘राहण्याची व जेवणाची घरगुती सोय’. ‘घरगुती’ आणि ‘सोय’. या दोन शब्दांत मिन्शुकु पुरा बसतो. ‘सोय’ म्हटलं की कोणीतरी आपल्यासाठी आधीच काही करून ठेवलंय हे कळतं, आणि सोयीचे पैसे द्यायला-घ्यायला कोणालाच लाज वाटत नाही.

जाता जाता एक. ‘आम्ही एक अनटच्ड बीच शोधून काढला’ असं लोक लिहितात, ते वाचून मला वाईट वाटतं. त्या पुळणीवर पिढ्यान्‌पिढ्या जाळी सुकतात, रापण ओढली जाते. आमच्या मालवणीत ‘गावणे’ म्हणतात: “रवाक जागा गावली काय?” जागा गावते. ती तिथे होतीच, तुम्हाला आता गावली. टिपणांत ‘शोध’ लिहू नका, एवढी विनंती.

मूळ प्रश्नकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. ‘शोध’ खोडला. तीन ठिकाणी होता.

‘सोय’ने माझा निम्मा प्रश्न सुटला. उरलेला अर्धा इथे मांडतो. घरगुती सोय आणि बुटीक हॉटेल एकच नव्हेत, हे मान्य करायला हवं. बुटीकमध्ये निवड आहे, रचना आहे; दिवा कुठला, चादर कुठली, भिंत किती कोरी ठेवायची याचा कोणीतरी विचार केलेला असतो. आमच्याकडे खोलीत कुणी दिलेलं प्लास्टिकच्या फुलांचं तोरण असतं आणि माजघरातला शिसवी पाट मात्र माळ्यावर पडलेला असतो. या फरकासाठी मी ‘निवडक मुक्काम’ लिहून पाहिलं. ‘निवडक’ला काकूंनी मान डोलावली, तांदूळ निवडतात तसं, म्हणाल्या. तेच ठेवतोय.

पोर्तुगालमधल्या ‘पौसादा’ने मात्र मला खरा आनंद दिला. राहायची सोय, बऱ्याच ठिकाणी जुन्या किल्ल्यांत, मठांत. पहिली १९४२ मध्ये एल्वासला सुरू झाली. शब्द ‘पौसार’ या क्रियापदातून आलाय. पक्षी फांदीवर टेकतो किंवा विमान उतरतं, त्याला पोर्तुगीज ‘पौसार’ म्हणतात. आणि आपण विचारतो, “कुठे उतरलात?” गाडीतून, घोड्यावरून, होडीतून उतरायचं आणि जिथे उतरलो तिथेच राहायचं, हे सगळं एका क्रियापदात. पोर्तुगीजांकडून आपण पाव, बटाटा, घमेलं घेतलं. हा शब्द घ्यायची गरजच पडली नाही.

आता ज्याच्यासाठी शब्द हवाच आहे, ते सांगतो. इटलीत ‘अल्बेर्गो दिफ्फुझो’ म्हणून प्रकार आहे. शब्दशः ‘पसरलेलं हॉटेल’. १९७६ मध्ये फ्रिउली भागात मोठा भूकंप झाला. पुढे घरं पुन्हा बांधली, पण राहायला माणसं नव्हती. त्या रिकाम्या घरांचं काय करायचं, यातून ही कल्पना निघाली आणि पर्यटनाचे अभ्यासक जानकार्लो दाल्लारा यांनी ती मांडली. एका घरात नोंदणी, दुसऱ्यात न्याहारी, खोल्या गावभर वेगवेगळ्या घरांत. नवीन इमारत बांधायची नाही. पाहुणा न्याहारीला जाताना गल्लीतून चालतो, म्हाताऱ्या माणसांना हात करतो, आणि गावाचाच होऊन जातो.

आमच्या वाडीत एकूण पंधरा घरं. त्यातली सात बंद. चाकरमानी मुंबईला; गणपतीत आणि शिमग्याला कुलूप निघतं, मग पुन्हा वाळवी. परवा एका घराची ओटी झाडायला गेलो तर कुलपाला गंज चढून चावी फिरेना. खोबरेल घालून अर्धा तास बसलो तेव्हा दार उघडलं. आत चूल, जातं, भिंतीवर १९९७ सालचं कॅलेंडर. त्याच साली आपला सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला होता. आणि क्युबात त्याच साली लोकांना राहत्या घरातली खोली कायद्याने भाड्याने देता येऊ लागली. तिकडे त्याला ‘कासा पार्तिकुलार’ म्हणतात, खाजगी घर, दारावर नांगरासारखी निळी खूण. तेव्हाच आमच्याकडे कोणी ती सात घरं मनावर घेतली असती तर कौलं तरी शाबूत राहिली असती.

तर इटलीतल्या त्या प्रकाराला मी ‘वाडीमुक्काम’ म्हणतोय. वाडी म्हटलं की पंधरा घरं, त्यांच्यामधल्या गडग्यांच्या वाटा, सामाईक विहीर, सगळं आलं. एका घरात उतरायचं, दुसऱ्या घरी घावणे-चटणी खायची, तिसऱ्याच्या बागेतून समुद्रावर जायचं. सात घरमालकांपैकी तिघांनी फोनवर हो म्हटलंय.

पाटी रंगवणाऱ्याला मजकूर द्यायचाय. वर ‘राहण्याची व जेवणाची घरगुती सोय’, खाली ‘वाडीमुक्काम’. जोडून लिहायचं ना? तो म्हणतो, तोडून लिहिलं तर अक्षर मोठं काढता येईल.

प्रतिसाद (वेंगुर्ला)

जोडून. सामासिक शब्द आहे. पाटी थोडी रुंद घ्या.