धरणावरच्या गस्तवाल्याला बोट अडवायचा अधिकार हवा की नको?

सिंहगडरोडकर: पानशेतला, पवनेला सुट्टीच्या दिवशी लाईफ जॅकेट न घालता लोक बोटीत बसतात. गस्तीवरचा कंत्राटी जीवरक्षक शिट्ट्या मारतो, बोटवाला ढुंकूनही बघत नाही. 21 मे 2024 ला उजनीत कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळात उलटली, सहा जण गेले. 2021 च्या इनलँड व्हेसल्स ॲक्टमध्ये इंजिनाच्या बोटीची नोंदणी, तपासणी, विमा, चालकाचं प्रमाणपत्र सगळं आहे. पाण्यावर ते बघणार कोण? गस्तवाल्याला बोट थांबवून काठाला लावायचा लेखी अधिकार द्या.

काळा कोट, शिवाजीनगर: साफ विरोध. भाडं घेऊन धोकादायक किंवा जादा भरलेल्या बोटीतून माणसं नेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 284 खाली आजही गुन्हा आहे. सहा महिने कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. पण गुन्हा जामीनपात्र आहे, आणि सामान्य माणसाला अटकेची मुभा (फौजदारी कारवाईची पद्धत ठरवणारी नागरिक सुरक्षा संहिता, कलम 40) फक्त अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्ह्यात आहे. उद्या जीवरक्षकानं बोटवाल्याला धरून ठेवलं तर गुन्हा त्या पोरावरच दाखल होईल.

सिंहगडरोडकर: म्हणूनच तर कायद्याचं पाठबळ मागतोय! पोलीस चौकीतून येईपर्यंत बोट धरणाच्या मध्यावर पोचलेली असते.

पानशेतची लेक: आमच्याकडे धरणात जमिनी गेलेल्या घरांतली मुलं बोटी चालवतात. गस्तवाल्याच्या हातात अधिकार आला की पावतीशिवाय पैसे सुरू होतील. त्यापेक्षा बोटीवर क्षमता ठळक रंगवा, तपासणी अधिकारी हंगामाआधी गावात पाठवा. ज्याची बोट नापास, ती पाण्यात उतरूच देऊ नका. याला आमची मुलं नाही म्हणणार नाहीत.

मावळचा गडी: ताई, तपासणीत पास झालेली बोटही रविवारी दुप्पट भरतात, मी डोळ्यांनी बघतो. होमगार्ड का नकोत? 1947 च्या होमगार्ड कायद्यानुसार बंदोबस्ताला बोलावलेल्या जवानाला पोलिसाचेच अधिकार असतात. नवा कायदाही नको.

काळा कोट, शिवाजीनगर: हे पटण्यासारखं आहे, पण पोहता न येणारा जवान जेट्टीवर उभा करून काय साधणार? आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या बंदी आदेशाचंही ऐका. तो मोडला तर न्याय संहितेचं कलम 223 लागतं, पण आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्यानं, त्याच्या वरिष्ठानं किंवा त्यानं अधिकार दिलेल्या दुसऱ्या लोकसेवकानं लेखी तक्रार केल्याशिवाय कोर्ट दखल घेत नाही. गस्तवाल्याच्या तोंडी सांगण्यावर खटला उभा राहत नाही.

सिंहगडरोडकर: मग गस्तवाल्याच्या नोंदवहीवरून ती तक्रार त्याच दिवशी करायचं बंधन अधिकाऱ्यावर घाला. नाहीतर त्या वहीचा उपयोग काय?

पानशेतची लेक: नोंदवही ठेवा, पण त्यावर बोटवाल्याचीही सही घ्या. एकट्या गस्तवाल्याच्या शब्दावर कुणाची बोट बंद पडलेली मला चालणार नाही.