लाइट रेल की भुयारी मेट्रो : टोरोंटोच्या भांडणातून नेमकं काय घ्यायचं?

विश्रामबाग_सिव्हिल
नमस्कार मंडळी. सांगलीत शेवटच्या वर्षाच्या सेमिनारला कॅनडातल्या टोरोंटोचा लाइट रेल विरुद्ध सबवे (भुयारी मेट्रो) हा वाद घेतलाय. वाचावं तेवढा गुंता वाढतोय. एक गट म्हणतो लाइट रेल म्हणजे नवी ट्रॅम, रस्ता अडवणार. दुसरा म्हणतो भुयारी म्हणजे पैशाची उधळण. दोन्ही बाजूंचे आकडे आपापल्या सोयीचे. मला तीन गोष्टी हव्यात : टोरोंटोत नक्की कशावरून बिनसलं, किती प्रवाशांना काय पुरतं याचा हातानं करता येईल असा हिशोब, आणि जमिनीवर व जमिनीखाली प्रत्यक्ष काय बिघडतं. परीक्षक सांगली-मिरजेला काय लागू पडतं हे विचारणारच, त्यामुळे तेही आलं तर बरं.

रूळ_सांधा
टोरोंटोचा इतिहास क्रमानं बघा, म्हणजे निम्मा गुंता सुटेल. १९९४ मध्ये एग्लिन्टन रस्त्याच्या पश्चिम भागात सबवेचं खोदकाम सुरू झालं. १९९५ मध्ये प्रांतात सरकार बदललं आणि खणलेला खड्डा माती टाकून बुजवला. शेपर्ड रस्त्याची लाइन वाचली, पण २००२ मध्ये उघडली तेव्हा तिची लांबी ५.५ किलोमीटर आणि स्टेशनं फक्त पाच. २००७ मध्ये महापौर डेव्हिड मिलर यांनी 'ट्रान्झिट सिटी' आणली. सात लाइट रेल मार्ग, मिळून १२० किलोमीटरच्या आसपास. २०१० च्या डिसेंबरात रॉब फोर्ड महापौर झाले आणि पहिल्याच दिवशी ही योजना संपली म्हणून जाहीर केलं. २०१२ मध्ये नगर परिषदेनं पुन्हा लाइट रेलच्या बाजूनं मत दिलं.

खरी मेख टोरोंटोच्या पूर्वेकडच्या स्कारबरोची आहे. तिथे १९८५ पासून ६.४ किलोमीटरची स्वतंत्र, काही भाग उन्नत असलेली लाइन होती, लिनियर इंडक्शन मोटरवर (रुळांमधल्या पट्टीवर चुंबकी जोर लावून गाडी ढकलणारी) चालणारी. गाड्या म्हाताऱ्या झाल्या. त्याच पट्ट्यात सात स्थानकांची लाइट रेल मंजूर होती आणि खर्च प्रांत उचलणार होता. लक्षात घ्या, ही लाइट रेल रस्त्यावरून जाणारच नव्हती. एकही सिग्नल नाही, एकही क्रॉसिंग नाही. तरी सभांमधून लोकांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली ती मोटारींमध्ये अडकलेली ट्रॅम. २०१३ मध्ये परिषदेनं ती रद्द करून तीन स्थानकांचा सबवे घेतला, आणि त्यासाठी मालमत्ता करात वाढ लावली. २०१६ मध्ये तीनाचं एक स्थानक झालं, २०१९ मध्ये प्रांतानं पुन्हा तीन केली. आता ७.८ किलोमीटरचं काम चालू आहे. इकडे जुन्या लाइनवर जुलै २०२३ मध्ये डबा घसरला आणि ती परत सुरूच झाली नाही. तेव्हापासून लोक बसनं जातायत.

म्हणून सेमिनारच्या पहिल्याच स्लाइडवर 'लाइट रेल' आणि 'मेट्रो' हे शब्द बाजूला ठेवून एकच प्रश्न लिहा : गाडीची वाट तिची एकटीची आहे का? पूर्ण एकटीची, अधूनमधून क्रॉसिंग असलेली, की सगळ्यांबरोबर? क्षमता, वेग, खर्च सगळं त्यावरून ठरतं. डब्यावर काय नाव रंगवलंय त्यावरून नाही.

सिग्नल_फेज
वरच्याला जोडून हिशोब देतो.

क्षमता = एका गाडीतले प्रवासी × तासाला गाड्या, एका दिशेनं. आपल्याकडे केंद्रानं २०१९ मध्ये मेट्रोलाइटचे (म्हणजे आपल्याकडच्या लाइट रेलचे) निकष काढले, ते धरा : तीन डबे, साधारण ३०० प्रवासी, रस्त्याच्या पातळीवर पण दोन्ही बाजूंनी कुंपण. दर चार मिनिटाला गाडी म्हणजे तासाला १५, म्हणजे ४,५००. पुणे मेट्रोची तीन डब्यांची गाडी ९७० च्या आसपास घेते. तीन मिनिटाला एक सोडली तर १९,४००.

मग लाइट रेलही दीड मिनिटाला का सोडू नये? चौकामुळे. सिग्नलचं चक्र १२० सेकंदांचं असेल आणि दोन्ही दिशांनी गाड्या येत असतील, तर प्रत्येक गाडीला हिरवा द्यायचा म्हणजे आडव्या रस्त्याचा गळा आवळायचा. तीन-चार मिनिटांच्या खाली गेलात की प्राधान्य फक्त कागदावर उरतं. बरं, दोन गाड्या जोडून लांबी वाढवावी, तर गाडी थांब्यावर उभी असताना तिची शेपूट मागच्या चौकात येता कामा नये. दोन चौकांमधलं अंतर हीच गाडीच्या लांबीची मर्यादा.

आता वेळ. १२० सेकंदांच्या चक्रात ६० सेकंद लाल असेल आणि प्राधान्य नसेल, तर सरासरी खोळंबा = लाल वेळेचा वर्ग ÷ (२ × चक्र) = ३६०० ÷ २४० = १५ सेकंद. शिवाय ताशी ५० वरून थांबून परत वेग घेण्यात साधारण १४ सेकंद जातात. निम्म्या वेळा थांबावं लागतं, म्हणून ७ धरा. एका चौकाला २२ सेकंद. दहा किलोमीटरवर १६ चौक असतील तर सहा मिनिटं नुसती हवेत गेली.

टोरोंटोची फिंच वेस्ट लाइन डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाली. १०.३ किलोमीटर, १८ थांबे, जवळजवळ सगळी रस्त्याच्या मध्यातून. पहिल्या दिवसापासून 'फार हळू' म्हणून ओरड झाली आणि सिग्नलच्या प्राधान्याचा विषय लगेच परिषदेपुढे आला. रूळ नवे, गाड्या नव्या, पण चौकात आधी वळणाऱ्या मोटारी आणि मग गाडी. तिकडे डावीकडचं वळण आडवं येतं, आपल्याकडे उजवीकडचं येईल. त्यावर उपाय म्हणजे मोटारींचा वळणाचा फेज (सिग्नलमधली पाळी) गाडीच्या नंतर ठेवणं, आणि थांबा चौकाच्या अलीकडे न ठेवता पलीकडे ठेवणं. थांबा अलीकडे असला की दारं उघडायला किती वेळ लागेल हे सिग्नलला कळत नाही, राखून ठेवलेला हिरवा वाया जातो.

पाणीपातळी
भुयारीचं मी लिहितो. खर्च बोगद्यात आहे असं सगळ्यांना वाटतं. बोगदा एकदा टीबीएम (बोगदा खणणारं यंत्र) लागलं की सरकत राहतो. पैसा आणि वर्षं खातात ती स्टेशनं. दोनशे मीटरच्या आसपास लांबीचा खड्डा भर वस्तीत, चारी बाजूंनी डायाफ्राम वॉल (जमिनीत खोल चर खणून ओतलेली काँक्रीटची भिंत) किंवा पाइलची भिंत, त्याआधी वाटेतली पाण्याची मुख्य लाइन, ड्रेनेज, विजेच्या आणि फोनच्या केबली हलवायच्या. नकाशात एक लाइन दिसते, खणल्यावर तीन निघतात. त्यातली एक कुणाची हे ठरेपर्यंत महिना जातो.

मग पाणी. भूजलपातळीखाली २० मीटरवर तळाचा स्लॅब असेल तर खालून दर चौरस मीटरला २० टन दाब वर ढकलतो. काँक्रीट घनमीटरला अडीच टन, म्हणजे नुसत्या वजनानं तो दाब दाबायचा तर आठ मीटर जाडी लागेल. म्हणून भिंतींचं घर्षण, वरची माती, कधी टेन्शन पाइल (वर उचललं जाऊ नये म्हणून खाली धरून ठेवणारे खांब) असं सगळं मिळून हिशोब बसवतात. छत आणि वरचा भराव होण्याआधी पाणी उपसणारे (डीवॉटरिंगचे) पंप बंद पडले तर स्टेशनचा सगळा काँक्रीटचा खोका उचलला जाऊ शकतो. जनरेटर स्टँडबाय का ठेवतात ते यासाठी.

पुराचं उदाहरण ताजं आहे. मुंबईच्या भुयारी मार्गिका ३ वर आचार्य अत्रे चौक स्टेशन मे २०२५ मध्ये सुरू झालं आणि २६ मे रोजी त्यात पाणी शिरलं. स्टेशनची मुख्य भिंत फुटली नव्हती. काम चालू असलेल्या एका प्रवेशद्वाराजवळची पाणी अडवणारी भिंत कोसळली. भुयारी बांधकामात सगळ्यात कच्चा दुवा नेहमी तात्पुरता असतो. सांगलीकरांना तर सांगायलाच नको : कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं. प्रवेशद्वाराचा उंबरा पूररेषेच्या वर घ्यायचा म्हटलं तर गावभागात जिना खाली उतरण्याआधी आधी वर चढावा लागेल!

अग्निसुरक्षाही विसरू नका. अमेरिकन निकष एनएफपीए १३० प्रमाणे फलाट चार मिनिटांत रिकामा व्हायला हवा आणि सगळे सहा मिनिटांत सुरक्षित जागी पोचायला हवेत. जिन्यांची रुंदी त्यावरून निघते, रोजच्या गर्दीवरून नाही. एक स्थानक वाचवलं की खर्च धाडकन का उतरतो, हे आता कळेल. स्कारबरोत तीनाचं एक झालं ते यामुळेच.

स्वारगेट_गाडी
सगळे भुयारीवर तुटून पडलेत म्हणून दुसरी बाजू मांडतो. पुण्यात कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी (राखीव लेनमधली बससेवा) डिसेंबर २००६ मध्ये सुरू झाली. सांगली-साताऱ्याहून एसटीनं जाणाऱ्या प्रत्येकानं तिची अवस्था खिडकीतून पाहिलीय : राखीव लेनमध्ये दुचाक्या, रिक्षा, उलट्या दिशेनं येणारा टेम्पो. कागदावर 'स्वतंत्र मार्ग' लिहिणं आणि तो रोज सकाळी नऊ वाजता स्वतंत्र ठेवणं यात फार अंतर आहे. आज त्याच स्वारगेटला सप्टेंबर २०२४ पासून मेट्रो जमिनीखालून येते, आणि कात्रजपर्यंतचा पुढचा टप्पाही भुयारीच मंजूर आहे. उगाच नाही. पेठांतून रूळ टाकायला रस्ता आहे कुठे? शिवाजीनगर, मंडई या भागात वरून काहीही न्यायचं तर घरं पाडावी लागली असती. भुयार महाग आहे मान्य, पण त्यात कुणी गाडी पार्क करत नाही.

रूळ_सांधा
मुद्दा रास्त आहे. फक्त एवढंच जोडतो की टोरोंटोत एग्लिन्टनवरच्या लाइट रेलला त्यांनी दोन्ही केलं. १९ किलोमीटर, २५ थांबे, मधला दहाएक किलोमीटर गर्दीचा भाग भुयारी आणि पूर्वेकडे रस्त्याच्या मध्यातून. एकच गाडी. चांगली कल्पना, पण भुयाराचा खर्च करूनही वेळापत्रक चौकांच्या हातात राहतं. वर उशीर झाला की तोच उशीर खाली बोगद्यात उतरतो. २०११ ला काम सुरू, २०२० ला उघडायची होती. तारीख वर्षानुवर्षं पुढे गेली. काही ठिकाणी रुळांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये चुकलेलं निघालं, तेही दुरुस्त करावं लागलं.

रस्त्यातल्या रुळांबद्दल एक खास आपल्याकडची गोष्ट. खाचेचा रूळ काँक्रीटमध्ये बसवतात. खाली काळी माती असेल तर ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचा स्लॅब वाकतो. काळी माती काढून मुरमाचा भराव, त्यावर नीट दाबलेला थर, मग स्लॅब, हे टाळता येत नाही. खाचेत चिखल आणि खडी अडकते, तिला निचऱ्याच्या पेट्या द्याव्या लागतात. आणि ७५० व्होल्ट डीसीचा परतीचा प्रवाह रुळातून जातो. रूळ रबरी आवरणात वेगळा ठेवला नाही तर तो प्रवाह जमिनीतून जवळच्या लोखंडी जलवाहिनीत शिरतो आणि जिथून परत बाहेर पडतो तिथे तिला कुरतडतो. गळती कित्येक वर्षांनी दिसते. तोवर ठेकेदाराची हमी संपलेली असते, हे वेगळं सांगायला नको.

विश्रामबाग_सिव्हिल
फार मोलाचं लिहिलंत सगळ्यांनी. एकच शंका राहिली. सांगली-मिरज रेल्वे लाइन आहेच, मध्ये विश्रामबाग स्टेशनही आहे. त्याच रुळांवर लाइट रेलची गाडी चालवता येईल का? वर्गात अर्ध्या जणांचं उत्तर 'का नाही' असं आहे.

मिरज_जंक्शन
नाही ओ. तुमच्या लाइनचा गेज (दोन रुळांमधलं अंतर) १६७६ मिलिमीटर, लाइट रेलचा १४३५. वीज २५ हजार व्होल्ट एसी, तिची ७५० डीसी. फलाट उंच, तिचं तळ ३०० ते ३५० मिलिमीटरवर. हे सगळं पैसे ओतून जमवलं तरी मालगाडीच्या वाटेवर हलक्या सांगाड्याचा डबा चालवायला रेल्वे सुरक्षा आयुक्त परवानगी देणार नाहीत. धडकेचा भार सोसण्याचे निकषच वेगळे.

त्या रुळांवर चालेल ती मेमू (रेल्वेची विजेवरची लोकल). मग प्रश्न उरतो मार्गाच्या मोकळेपणाचा. जिथे अॅब्सोल्यूट ब्लॉक आहे तिथे दोन स्टेशनांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी. लांबच्या एक्स्प्रेसला जागा देण्यात शटल लटकते. ऑटोमॅटिक सिग्नल असतील तर गाड्या जवळजवळ सोडता येतात. शिवाय सांगली स्टेशनवर उतरून स्टँडकडे जायला पुन्हा रिक्षा धरायची असेल तर माणूस घरातूनच वडाप (शेअर जीप) पकडेल.

लाइट रेलची गरज आहे का, हे सेमिनारसाठी मोजून दाखवा. सकाळी नऊ ते दहा विश्रामबाग चौकात उभे राहा, चार जण पुरेत. मिरजेच्या दिशेनं जाणाऱ्या प्रत्येक बस, वडाप आणि सहा आसनीतली माणसं मोजा. दुचाकी-मोटारी वेगळ्या लिहा. मंगळवार, बुधवार, गुरुवार असे तीन दिवस घ्या. सणवार आणि लग्नसराई टाळा. वर काढलेली ४,५०० ची क्षमता म्हणजे बसला ५५ माणसं धरून तासाला ८२ बस, म्हणजे दर ४४ सेकंदाला एक भरलेली बस त्या चौकातून एकाच दिशेनं गेली पाहिजे. मोजणीचा तक्ता घेऊन उभे राहिलात की पहिल्या दहा मिनिटांतच तुम्हाला अंदाज येईल.