कॅनडातली पहिली नोकरी: अनुभव लिहा

पुरणयंत्र: काल गॅरेज आवरताना २०१२ चे सेफ्टी शूज सापडले. पुरुषांच्या मापाचे. आत दोन जोड मोजे घालून ब्रॅम्प्टनच्या गोदामात उभी राहायचे, तात्पुरते कामगार पुरवणाऱ्या एजन्सीतर्फे. खोकं उचलताना पाठीत उसण भरली, तर सुपरवायझर म्हणाला, "घरी लचकली म्हणून सांग." मी तसंच सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून एजन्सीचा फोन बंद. लेक तीन वर्षांची, तिला कडेवर घेता येईना. तुमचंही लिहा गं.

माजघर: बाई गं. पाठ कशी आहे आता?

पुरणयंत्र: थंडीत धरते.

शेवगा: आम्ही तिघी होतो, मी, एक पंजाबी, एक तमिळ. लाइन लीड तिघींना एकाच नावाने हाक मारायचा. एकीचे तास दुसरीच्या नावावर चढायचे! मग मी रोज वेळ डायरीत लिहायला लागले, त्या डायरीवरच थकलेले पैसे मिळाले. ऑन्टारिओ प्रांतात आठवड्याला ४४ तासांवर दीडपट पगार, हे तमिळ अक्काने सांगितलं. देव तिचं भलं करो.

रातराणी५: पुण्यात ९ वर्षं अकाउंट्स केलं. इथे जाईन तिथे "कॅनेडियन एक्स्पिरियन्स नाही". ऑन्टारिओच्या मानवाधिकार आयोगाने २०१३ मध्येच ही अट सकृद्दर्शनी भेदभाव म्हटली होती, मी २०१४ त आले, मला कोणी बोललं नाही. आता १ जानेवारी २०२६ पासून २५ किंवा जास्त माणसांच्या कंपनीला जाहिरातीत तशी अट घालता येत नाही. फार रडलेय मी त्यापायी.

माजघर: कुकर लावून आले. माझ्याकडून एजन्सीने नोंदणीचे १५० डॉलर घेतले होते. घेताच येत नाहीत म्हणे?

शेवगा: नाही येत. कामगाराकडून पैसे घ्यायला बंदी आहे.

भाकरतुकडा: मी वृद्धाश्रमात पीएसडब्ल्यू, म्हणजे आजी-आजोबांची देखभाल करणारी. आजींना उचलताना खांदा गेला. नव्या मुलींना सांगते, त्याच दिवशी लेखी कळवा, डॉक्टरला 'कामावर झालं' हेच सांगा. डब्ल्यूएसआयबीचा (कामावरच्या दुखापतीची भरपाई देणारं ऑन्टारिओचं मंडळ) फॉर्म ६ आपला आपण भरायचा, मुदत ६ महिने. मालक भरेल म्हणून थांबू नका.

पुरणयंत्र: मी डॉक्टरलाही घरीच झालं म्हणाले. वर्क पर्मिट जाईल असं वाटायचं.

भाकरतुकडा: तेव्हा आपल्या सगळ्यांनाच वाटायचं गं.

रातराणी५: बायकांच्या मापाचे शूज कुठे मिळतात? वहिनीला सोमवारपासून गोदामात जायचंय. पाच नंबर.

शेवगा: व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. पैसे कंपनी देते का, ते आधी विचारायला सांग.