दारव्हा विधानसभा मतदारसंघ 2009 मध्ये का राहिला नाही, आणि पुढच्या पुनर्रचनेत काय करता येईल?

प्रश्न : दारव्हा तालुक्यातील (जि. यवतमाळ) वाचक

आमच्या तालुक्याने 2004 पर्यंत दारव्हा या नावाच्या विधानसभा मतदारसंघात मतदान केले. 2009 पासून आम्ही दिग्रस मतदारसंघात आहोत आणि त्यात दारव्हा, दिग्रस व नेर हे तीन तालुके एकत्र आले आहेत. गावात हा विषय निघाला की "पुढाऱ्यांनी मतदारसंघ पळवला" या एका वाक्यावर चर्चा संपते. मला मात्र हे नीट समजून घ्यायचे आहे. हा निर्णय कोणी घेतला, कोणत्या आधारावर घेतला आणि त्या वेळी सामान्य मतदाराला काही बोलण्याची सोय होती का? जनगणनेसाठी 1 मार्च 2027 ही संदर्भ तारीख जाहीर झालेली असल्याने पुढच्या पुनर्रचनेची चर्चाही सुरू आहे. आमची ग्रामसभा ठराव घेण्याच्या विचारात आहे, म्हणून जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

उत्तर : महसूल खात्यातील निवृत्त कर्मचारी, यवतमाळ

मतदारसंघ कोणी पळवला नाही, तो भागाकारात गेला. मात्र त्या भागाकाराबद्दल माझी तक्रार आहे, ती पुढे मांडतो.

परिसीमन (म्हणजे मतदारसंघांच्या सीमा आखणे) अधिनियम, 2002 खाली सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती कुलदीप सिंह यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला होता. त्यात केंद्रीय निवडणूक आयोगाचा प्रतिनिधी आणि संबंधित राज्याचे निवडणूक आयुक्त सदस्य होते. राज्यातील पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य म्हणून बैठकीला बसत. त्यांना म्हणणे मांडता येई, परंतु मत देण्याचा किंवा आदेशावर सही करण्याचा अधिकार त्यांना नव्हता. पुढाऱ्यांचा प्रभाव अजिबात नसतो असे मी म्हणणार नाही, पण कायद्याने निर्णय त्यांच्या हातात नव्हता.

आता हिशेब पाहू. 1976 च्या 42व्या घटनादुरुस्तीने जागांची संख्या गोठवली आणि 84व्या दुरुस्तीने ती मुदत 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली, त्यामुळे राज्याच्या 288 जागांमध्ये एकही वाढणार नव्हती. 2003 च्या 87व्या दुरुस्तीने एवढेच ठरले की आतील सीमा 2001 च्या लोकसंख्येनुसार नव्याने आखायच्या. तोवरच्या सीमा 1971 च्या जनगणनेवर बेतलेल्या होत्या, तेव्हा एका आमदारामागे सरासरी पावणेदोन लाख लोक येत. 2001 मध्ये राज्याची लोकसंख्या सुमारे 9 कोटी 69 लाख झाली आणि ही सरासरी 3 लाख 36 हजारांवर गेली. यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या होती सुमारे 24 लाख 58 हजार. भागाकार करा, उत्तर 7.3 येते. आपल्या आठ जागांच्या सात झाल्या त्या अशा. लोकसंख्या आपलीही वाढलीच होती, पण मुंबई, ठाणे, पुणे या पट्ट्याची त्याहून कितीतरी वेगाने वाढली आणि ठरलेल्या 288 मध्ये त्यांचा वाटा मोठा झाला.

संपूर्ण विदर्भाच्या जागा याच कारणाने 66 वरून 62 वर आल्या. यातली एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही : त्याच वेळी नागपूर शहराच्या जागा पाचावरून सहा झाल्या. म्हणजे खेड्यापाड्यांच्या विदर्भाचा तोटा चारपेक्षा मोठा आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील सावली मतदारसंघही याच फेरीत संपला आणि तो तालुका ब्रह्मपुरीला जोडला गेला.

माझी तक्रार इथेच आहे. मतदारसंघ आखताना भौगोलिक सलगता, नैसर्गिक रचना, प्रशासकीय सीमा, दळणवळण आणि लोकांची सोय पाहावी असे परिसीमन अधिनियमाचे कलम 9 सांगते, परंतु जिल्ह्याला जागा किती हे लोकसंख्येनेच ठरते. गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्रफळ 14,412 चौरस किलोमीटर आहे आणि तिथे आमदार तीन आहेत. मुंबईत ते 36 आहेत. पावसाळ्यात पुलावरून पाणी गेले की संपर्क तुटणाऱ्या गावाला आपला आमदार गाठणे आणि शहरातल्या मतदाराने तो गाठणे यांत जो फरक आहे, तो या भागाकारात कुठेच येत नाही. मला हे न्याय्य वाटत नाही.

उत्तर : उमरखेड तालुक्यातील शिक्षक

वरील उत्तराला लोकसभेची बाजू जोडतो, कारण आमचा प्रश्न दारव्ह्यापेक्षाही अवघड आहे. प्रत्येक विधानसभा मतदारसंघ पूर्णपणे एकाच लोकसभा मतदारसंघात असावा लागतो आणि महाराष्ट्रात एका लोकसभेत सहा विधानसभा येतात. विदर्भाला लोकसभेच्या 10 जागा उरल्या, म्हणजे 60 विधानसभा मतदारसंघ. प्रत्यक्षात आहेत 62. उरलेले दोन विदर्भाबाहेर जोडले गेले : बुलढाणा जिल्ह्यातील मलकापूर रावेर लोकसभेत आणि आमचे उमरखेड हिंगोलीत.

त्यामुळे यवतमाळ जिल्हा तीन खासदारांमध्ये वाटला गेला आहे. वणी आणि आर्णी चंद्रपूरला, उमरखेड हिंगोलीला आणि राळेगाव, यवतमाळ, दिग्रस, पुसद हे चार वाशीम व कारंजा यांच्यासह यवतमाळ-वाशीमला. आमचे जिल्हाधिकारी यवतमाळला बसतात आणि खासदार पैनगंगेपलीकडच्या मतदारसंघाचे असतात. एखादे काम केंद्राच्या निधीतले असले की अर्ज नेमका कोणाकडे न्यायचा, हे गावातील सुशिक्षित माणसालाही चटकन सांगता येत नाही.

प्रश्नकर्ता

आपण दोघांनीही फार मोलाची माहिती दिली, आभारी आहे. मग ग्रामसभेने ठराव आताच घ्यावा का, आणि तो कोणाकडे पाठवावा?

उत्तर : महसूल खात्यातील निवृत्त कर्मचारी, यवतमाळ

भाऊ, ठराव अवश्य घ्या, पण तो पाठवण्याची खरी वेळ प्रारूप प्रसिद्ध झाल्यानंतरची आहे. आयोग आपले प्रस्ताव राजपत्रात छापतो, हरकतींसाठी तारीख देतो आणि जाहीर सुनावण्या घेतो. अंतिम आदेशाला कायद्याचे बळ मिळते आणि घटनेच्या अनुच्छेद 329 मुळे त्याला न्यायालयात सहसा आव्हान देता येत नाही. उघड मनमानी असेल तर न्यायालय लक्ष घालू शकते असे सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये म्हटले आहे, परंतु त्या भरवशावर हरकतीची मुदत घालवू नये.

"दारव्हा परत द्या" एवढ्याच मागणीचा उपयोग होणार नाही, कारण जिल्ह्याच्या जागा वाढल्याशिवाय ते शक्य नाही. सीमेवरच्या गावांना मात्र बरेच काही मिळवता येते. तालुका फोडायची वेळ आली तर आयोगाच्या आदेशात गावांची नावे सहसा नसतात. तालुका, महसूल मंडळ आणि क्वचित तलाठी सज्जा (एका तलाठ्याकडची गावे) एवढेच लिहिलेले असते. मागच्या वेळी 15 फेब्रुवारी 2004 रोजीच्या प्रशासकीय सीमा प्रमाण मानल्या होत्या. म्हणून आपले गाव कोणत्या मंडळात आणि कोणत्या सज्जात नोंदलेले आहे हे ग्राम महसूल अधिकाऱ्याकडून, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याकडून, आताच लेखी घेऊन ठेवा आणि मंडळ चुकीचे वाटत असेल तर ती दुरुस्ती आधी मागा. जिल्हा परिषदेचे गट आणि पंचायत समितीचे गण यांची रचना हा स्वतंत्र विषय आहे. त्या हरकती इथे जोडू नका.

आरक्षणाचाही विचार ठेवा. अनुसूचित जमातींच्या जागा त्यांचे लोकसंख्येतील प्रमाण जिथे सर्वाधिक तिथे दिल्या जातात. राळेगाव आणि आर्णी त्यामुळे राखीव आहेत. अनुसूचित जातींच्या जागा राज्याच्या वेगवेगळ्या भागांत विखुरलेल्या असाव्यात असे कायदा सांगतो, म्हणून त्या एका फेरीत बदलू शकतात. उमरखेड 2009 पासूनच राखीव झाले.

हरकतीत भावनेपेक्षा मोजता येणारी गोष्ट लिहा. गावापासून तहसील कार्यालयाचे अंतर, एसटी कोणत्या गावी थेट जाते, कापूस आणि सोयाबीन कोणत्या बाजार समितीत जाते, वाटेतल्या कोणत्या नाल्यावर पूल नाही, आणि शेजारच्या कोणत्या महसूल मंडळाशी ही सोय अधिक जुळते, हे सर्व मंडळाच्या नावासह एका पानात बसवा आणि त्यावर एकाच नव्हे, तर मंडळातील सर्व ग्रामपंचायतींचे ठराव जोडा.