गुप्तचरांचा पॉलिग्राफ: यंत्र 'डर' मोजतं, 'कर' नव्हे

पंचगंगाकाठ

परवा एकाने इथं लिहिलं: "अमेरिकेत बातम्या फोडणारे हुडकायला २०२५ मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांना पॉलिग्राफला, म्हणजे खोटं पकडायच्या यंत्राला, बसवलं. आपणही रॉ आणि आयबीच्या प्रत्येक माणसाला दरवर्षी बसवावं, नापास झाला की घरी पाठवावं. कर नाही त्याला डर कशाला?" खाली शंभरावर लोकांनी 'अगदी बरोबर' म्हटलंय. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

ज्या अमेरिकेचा दाखला देताय तिथलंच ऐका. सीआयएचा आल्ड्रिच एम्स १९८५ पासून रशियाला माणसं विकत होता. १९८६ आणि १९९१, दोन्ही वेळा पॉलिग्राफ पास. रशियनांनी त्याला कुठली युक्ती शिकवली होती? नीट झोप, शांत राहा, विचारणाऱ्याशी गोडीने वाग. एवढंच. त्याने रोख पाच लाख चाळीस हजार डॉलर मोजून घर घेतलं, जग्वार गाडी घेतली, आणि वर्षाचा पगार होता सत्तर हजार डॉलरच्या आत. संशयाला हे पुरेसं होतं, पण पास झालाय म्हणून धागा सैल सुटला. १९९४ मध्ये अटक होईपर्यंत त्याने विकलेली माणसं गोळ्या घालून मारली गेली होती. अमेरिकेच्याच लष्करी गुप्तचर खात्यात बसलेली क्यूबाची हेर आना मोंटेस, तीही पास.

'कर नाही त्याला डर कशाला' ही म्हण इथं पूर्ण उलटी पडते. ते यंत्र श्वास, रक्तदाब आणि बोटांचा घाम टिपतं. म्हणजे डर मोजतं. कर मोजणारं यंत्र अजून निघालेलं नाही.

टाकळीचा_फौजी

बावीस वर्षं वर्दी घातली. आमच्या सैनिक टाकळीत घराघरात फौजी आहे, म्हणून सांगतो. युनिटमधून रजेवर निघताना ट्रंक उघडून दाखवायला लागायची. त्यात कुणाला अपमान वाटला नाही. ज्याच्या हातात देशाच्या चाव्या आहेत त्याने चार प्रश्नांना बसायला काय हरकत?

एम्सचं सांगितलंत, मग रॉबर्ट हॅन्सनचं का नाही सांगितलं? एफबीआयचा माणूस, १९७९ पासून २००१ पर्यंत रशियाला माल पुरवत होता आणि उभ्या नोकरीत एकदाही पॉलिग्राफला बसवला नव्हता. बसायचंय हे माहीत असतं तर निम्मी हिंमत तिथंच गळाली असती. रॉचा रबिंदर सिंग २००४ साली नेपाळमार्गे अमेरिकेला पळाला, आठवतंय का? संयुक्त सचिव दर्जाचा माणूस! बाकी तुमची आकडेमोड तुमच्यापाशी. धाक ही सुद्धा संरक्षणाची गोष्ट असते.

पंचगंगाकाठ

फौजीदादा, रबिंदर सिंगचा संशय आला तो तो गरजेबाहेर कागदांच्या झेरॉक्स काढतोय हे सहकाऱ्यांच्या नजरेला आलं म्हणून. नजर माणसाची होती. तो पाळतीतून निसटला, ते पाळत कच्ची होती म्हणून. मे २०२३ मध्ये पुण्यात दिघीच्या डीआरडीओ प्रयोगशाळेच्या संचालकांना एटीएसने हेरगिरीच्या आरोपाखाली पकडलं, तेही डीआरडीओच्याच तक्रारीवरून. दोन्हीकडे तारा लावून कुणी कुणाला हुडकलेलं नाही.

आणि ट्रंक उघडली की आत काय आहे ते दिसतं. छातीला नळी बांधली की काय दिसतं?

गुजरी_कट्टा

मी सराफ, तिसऱ्या पिढीचा. शास्त्र मला कळत नाही, माणूस कळतो.

पाच-सहा वर्षांमागं आमच्याकडं कोल्हापुरी साजाची दोन पानं कमी भरली. कारागीर सात. पोलिसांत गेलो तर सातही घरं बदनाम. आमच्या वडिलांनी संध्याकाळी सगळ्यांना बसवून सांगितलं, उद्या सकाळी जोतिबाचा गुलाल मधे ठेवतो, एकेकाने हात ठेवून शपथ घ्यायची. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तर दोन्ही पानं काट्याच्या पेटीत. कोणी ठेवली, आजपर्यंत विचारलं नाही. सातही अजून आमच्याकडंच आहेत.

त्या गुलालात काय यंत्र होतं? काही नव्हतं. तरी काम झालं. पॉलिग्राफ खरा का खोटा हा वादच नको. भीती बसली की माणूस बोलतो.

मोडीवाचक

गुजरीकर, तुम्ही फार जुनी गोष्ट सांगितलीत. आपल्याकडं हेच 'दिव्य' होतं. धर्मशास्त्रात तुला, अग्नी, जल, विष, कोश, तंदुल, तप्तमाष, फाळ, धर्म अशी नऊ दिव्यं सांगितलीत. त्यातलं तांदळाचं दिव्य खास चोरीसाठी: मंतरलेले तांदूळ चघळून थुंकायचे. भीतीने तोंड कोरडं पडतं, म्हणजे तत्त्व आजच्याच यंत्राचं. मराठेशाहीत रवा दिव्य होतं. उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा हाताने काढायचा, हाताला पिशवी बांधून वर मोहर करायची आणि काही दिवसांनी पंचांसमोर उघडायची. हात भाजलेला नसला तर खरा. वतनाचे, पाटीलकीचे तंटे यावर तुटलेत.

गुजरी_कट्टा

बघा! म्हणजे आपले पूर्वज काय खुळे नव्हते.

मोडीवाचक

मी तसं म्हटलेलं नाही. भाजलेला हात घेऊन खरा वारस घरी गेला असेल, त्याची नोंद निवाड्यात 'खोटा जाहला' अशीच होणार. ते वाचताना मला दर वेळी अस्वस्थ होतं.

वकील_शाहूपुरी

दिव्यावरून कायद्यावर या. सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य, ५ मे २०१०, सर्वोच्च न्यायालय. नार्को, ब्रेन मॅपिंग आणि पॉलिग्राफ, तिन्ही संमतीशिवाय करता येत नाहीत. राज्यघटनेचं कलम २०(३), म्हणजे आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नाही, आणि कलम २१, म्हणजे व्यक्तिस्वातंत्र्य.

पण पंचगंगाकाठ, यावर फार विसंबू नका. २०(३) आरोपीसाठी आहे. खात्याची सरसकट तपासणी म्हणजे आरोप नव्हे. शिवाय कलम ३३ खाली गुप्तचर संघटनांतल्या माणसांचे मूलभूत हक्क संसद आवळू शकते आणि १९८५ चा तसा कायदाही आहे. मात्र त्या कायद्याचा भर संघटना काढणं, पत्रकारांशी बोलणं यावर आहे. त्यातून पॉलिग्राफची सक्ती निघते असं मला वाटत नाही. 'सही कर नाहीतर बढती विसर' ही संमती म्हणायची का, हा खरा खटला आहे. आता मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात, आपल्या दारात आहे, आपल्या सहा जिल्ह्यांतल्या कुणावर ही पाळी आली तर मुंबईची गाडी धरायला नको.

टाकळीचा_फौजी

बेंचचं काय सांगता वकीलसाहेब. चार दशकं आंदोलनं झाली, ऑगस्ट २०२५ मध्ये बेंच आलं, आनंद आहे. पण माझा बांधाचा दावा खालच्या कोर्टात अकरावं वर्ष चाललाय. त्यासाठी कुठलं बेंच येणार?

वकील_शाहूपुरी

त्याला वकील जबाबदार नाहीत. न्यायाधीशांच्या जागा रिकाम्या ठेवतं कोण ते विचारा. असो. यावर वेगळं बोलू.

पंचगंगाकाठ

गुजरीकर, तुमच्या वडिलांनी रात्र दिली. चोराला माल परत ठेवायला जागा दिली आणि नंतर विचारलंही नाही. यंत्र रात्र देत नाही. ते दुपारी कागद हातात देतं आणि संध्याकाळी माणूस रस्त्यावर असतो. हे मी ऐकून सांगत नाही.

माझा धाकटा भाऊ हुपरीत एका चांदीच्या कारखान्यात होता. नऊ वर्षं पैंजणाच्या कामावर. एका महिन्यात पावणेदोन किलोचा हिशेब लागेना. मालकाने बाहेरून एक माणूस आणला, बॅगेत मशीन घेऊन. मागच्या खोलीत बसवलं. पंख्याच्या आवाजाचा त्रास नको म्हणून पंखा बंद. एप्रिल महिना, पलीकडं भट्टी. छातीला दोन नळ्या, दंडाला बीपीचा पट्टा, बोटांना क्लिपा. पट्टा इतका आवळला की हात काळा-निळा दिसायला लागला, तो म्हणायचा हात माझा नव्हेच असं वाटत होतं.

पहिल्यांदा विचारलं, आजवर कधी कुणाची वस्तू न विचारता घेतलीस का? हा म्हणाला, हो, चौथीत असताना आईच्या डब्यातले आठ आणे. मग विचारलं, चांदी तू घेतलीस का? याने नाही म्हटलं आणि मशीनने रेघ वर मारली. पाच जणांत एकटा 'नापास'. ती चांदी आजतागायत सापडलेली नाही. तो आज उचगावला दुसऱ्याच्या गॅरेजात काम करतो आणि हुपरीची एसटी दिसली तरी तोंड फिरवतो.

टाकळीचा_फौजी

चांदी सापडली नाही म्हणता. मग त्याने घेतली नाही हे तुम्ही कशावरून म्हणता? भाऊ आहे म्हणून?

पंचगंगाकाठ

हेच! हेच सांगायला मी इतकं लिहिलं. त्याच्या अंगावर पुरावा एक नाही, झडतीत काही नाही, मोड घेणाऱ्या एकाही सराफाने त्याचं नाव घेतलं नाही, आणि तरी आज, इतक्या वर्षांनी, त्याला न बघितलेला माणूस विचारतो की कशावरून. एका रेघेवरून त्याने आयुष्यभर सिद्ध करत बसायचं? मी तुमच्या टाकळीच्या पोरांची शपथ घालत नाही, पण असं तुमच्या घरात घडलं असतं तर हा प्रश्न केला असता का?

राजारामपुरी_मानसशास्त्र

दोघांनीही जरा थांबा. मी हा विषय शिकवते.

पंचगंगाकाठ यांच्या भावाबाबत घडलं त्याची कारणमीमांसा करता येते. 'कधी न विचारता वस्तू घेतली का' हा तुलनेचा प्रश्न असतो. अपेक्षा अशी की निर्दोष माणूस तिथं खोटं 'नाही' म्हणेल, अस्वस्थ होईल, आणि मुख्य प्रश्नाला त्यामानाने शांत राहील. जो प्रामाणिकपणे आठ आण्यांची कबुली देऊन टाकतो त्याचं मन तिथं मोकळं होतं. उरलेली सगळी भीती मुख्य प्रश्नावर येते. म्हणजे ही पद्धत खरं बोलणाऱ्यालाच फसवते. चांगला परीक्षक अशा कबुलीनंतर प्रश्न बदलून घेतो. बॅगेतून मशीन आणणाऱ्याकडून ती अपेक्षा ठेवता येत नाही.

आता सरसकट तपासणी. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींच्या समितीने २००३ मध्ये यावर अहवाल दिला. त्यातला हिशेब मी दर वर्षी फळ्यावर मांडते. दहा हजार कर्मचारी, त्यात दहा हेर. यंत्र उदारपणे चांगलं धरलं आणि दहातले आठ हेर पकडायचे ठरवले, तर नापास होतात १,६०६ जण. त्यात हेर आठ, निर्दोष १,५९८. दोन हेर पास होऊन खुर्चीत. चाळणी बारीक करून निर्दोष ३९ वर आणले, तर हेर सापडतात फक्त दोन. आठ सुटतात.

फौजीसाहेबांच्या बाजूचंही सांगते. एखाद्या ठरावीक गुन्ह्याच्या चौकशीत हे यंत्र नाणेफेकीपेक्षा बरंच वरचढ ठरतं, हे त्याच अहवालात आहे. आणि यंत्र खरं आहे असा विश्वास असेल तर लोक आपणहून कबुल्या देतात, हेही खरं. गुजरीकरांचा गुलाल त्यात बसतो.

गुजरी_कट्टा

मॅडम, तुम्ही आमच्या गुलालाला मशीनच्या रांगेत बसवलंत, ते मला रुचलं नाही. पण सोळाशेतले आठ हे समजलं. माझ्याकडं मुशीतली घट काढताना मी असा हिशेब केला तर महिन्यात दुकान बंद पडेल.

एक विचारतो. कबुली मिळते म्हणता, मग ती तर फायद्याचीच ना?

राजारामपुरी_मानसशास्त्र

कोणाची मिळते ते बघा. घाबरट आणि पापभीरू माणसं बोलतात. कॉलेजात गांजा ओढला होता, साहेबांबद्दल वाईट बोललो होतो. एम्स बोलला नाही.

वकील_शाहूपुरी

आणखी एक. त्याच अमेरिकेने १९८८ मध्ये कायदा करून बहुतेक खासगी मालकांना नोकरांवर पॉलिग्राफ लादायला बंदी केली. सरकारने स्वतःला मात्र त्यातून वगळलं. दुकानदाराच्या हातात ज्याचा भरवसा नाही, ते यंत्र देशाची गुपितं राखायला कसं चालतं, याचं उत्तर मला मिळालेलं नाही. आपल्याकडं तेवढाही कायदा नाही, म्हणून हुपरीत असं घडलं.

टाकळीचा_फौजी

भावाबद्दल बोललो ते शब्द मागं घेतो. रात्री बायकोने वाचलं आणि मला बोलली. तुमच्या भावाला माझा रामराम सांगा.

पण मुद्दा सोडत नाही. आकडे मान्य. नुसत्या मशीनवर कुणाला काढू नका, हेही मान्य. तरी नापास निघाला त्याचे बँकेचे कागद, जमीन, पोरांच्या फिया कोण भरतंय, एवढं तपासायला काय जातंय?

पंचगंगाकाठ

रामराम सांगितला. काही बोलला नाही, मान हलवली.

कागद तपासायला काहीच जात नाही. दरवर्षी तपासा, सगळ्यांचे तपासा, मोठ्या साहेबांपासून सुरुवात करा. एम्सचं घर आणि गाडी त्याच्या दारात उभी होती. माझा विरोध एवढ्यालाच आहे की कुणाचे कागद आधी काढायचे हे त्या रेघेने ठरवावं. जो पास झाला त्याचे कागद मग कोण उघडणार? १९९१ नंतर एम्सच्या बाबतीत झालं ते हेच.

टाकळीचा_फौजी

सगळ्यांचे तपासणार असाल, आणि वरून सुरुवात करणार असाल, तर माझं भांडण नाही. वरून करणार नाहीत, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

गुजरी_कट्टा

मोडीवाचक, त्या रवा दिव्यात हाताला बांधलेल्या पिशवीवर मोहर कुणाची असायची? वादी-प्रतिवादीची की सरकारची?

मोडीवाचक

मी पाहिलेल्या कागदांत अधिकाऱ्याची. संध्याकाळी सविस्तर लिहितो.